सेलमधली काळी भुकटी

ही गोष्ट मी आजवर लिहिली नाही. लिहायला बसलो की दुसरं एखादं काम आठवायचं. निवृत्तीनंतर शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा मी शाळेच्या विहिरीवर लिहिलं. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात बोलायला उभं केलं, तेव्हा शिस्तीवर बोललो. कोणी प्रयोगशाळेची आठवण काढली की मी पाणी मागायचो आणि पाणी पिऊन होईपर्यंत विषय बदललेला असायचा. आता डॉक्टर माझ्या तब्येतीबद्दल माझ्याशी बोलत नाहीत, माझ्या मुलाशी बोलतात. तेव्हा यापुढे टाळायला जागा उरलेली नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचा डोळा गेला. तिच्याच चुकीनं गेला असं शाळेनं मानलं, गावानं मानलं, आणि ती स्वतःही तेच मानत राहिली. चूक माझी होती. हे तिला एकदा समोर बसून सांगायचं, एवढंच माझ्याकडून व्हायचं होतं.

मी धामणगाव बढ्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, दोन टेबलं आणि एक कपाट. कपाटातल्या बाटल्यांची लेबलं पाहून वाटावं की इथं सगळं आहे. बाटल्या हलवल्या की कळायचं, अर्ध्या रिकाम्या आहेत. रसायनं मागवली तर यायला सत्र संपायचं. त्यामुळे आमच्या भागातले विज्ञानाचे शिक्षक जमेल तसं भागवत. मीही भागवायचो, आणि त्याचा मला अभिमान होता.

त्यातलीच एक युक्ती सेलची. रात्री ओलितावर, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तेव्हा बॅटरी असायची. सेल संपले की पोरं ते दगडानं फोडत. आतली काळी कांडी भिंतीवर रेघोट्या मारायला जायची, आणि कांडीभोवतीची काळी भुकटी शाळेत यायची. वालाचा पाला वाटून त्याच्या रसात ती भुकटी कालवायची आणि फळ्याला फासायची, की फळा नव्यासारखा काळा. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर हा कार्यक्रम व्हायचा. हात, नाक, सदरे सगळं काळं. भुकटीचा एक मोठा पत्र्याचा डबा प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात कायम असे.

सेलमधली ती भुकटी बरीचशी मँगनीज डायऑक्साइडची असते. आमच्या कपाटातली मँगनीज डायऑक्साइडची बाटली रिकामी होती. दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. तिसरीही होती, ती पुढे येईलच.

ती मुलगी दहावीत होती. वडील भाजीपाला पिकवायचे, वांगी आणि मिरची, आणि रात्री पाणी द्यायला जायचे, म्हणून तिच्याकडे संपलेल्या सेलांचा साठा वर्गात सगळ्यांत मोठा. सेल फोडण्यात ती तरबेज होती. कांडी अखंड काढायची, जस्ताचं कवच वेगळं, कागद वेगळा, भुकटी वेगळी. पोरं तिला चिडवायची, "हिच्या बापानं वावराले पाणी देणं सोडलं तं शाळेचा फळा पांढरा होईन बे!" ती उलट म्हणायची, "तुह्या डोक्यातली भुकटी घेऊ मंग. थे तं वापरलीच नाई अजून."

उत्प्रेरकाचा धडा आला तेव्हा मी मेडिकलच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आणली. उंच नळकांड्यात थोडं ओतलं, त्यात साबणाचं पाणी घातलं आणि मुलांना म्हटलं, "हे पाण्यासारखं दिसतं, पण याच्यात जादा ऑक्सिजन कोंडलेला आहे. तो बाहेर पडायलाच बघतो. बाटली नुसती फळीवर ठेवली तरी हळूहळू पडतच असतो. पण आपल्याला दिसण्याइतका पडत नाही. आता बघा." आणि मी डब्यातली चिमूटभर काळी भुकटी टाकली.

फेस असा उसळला की नळकांड्याच्या कडेवरून टेबलावर आला. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, दूध उतू चाललं!"

"चुलीबिगर उतू गेलं बे!"

उदबत्तीचं नुसतं लाल असलेलं टोक मी फेसात धरलं. ते भडकलं. मुलं ओरडली. मग मी समजावलं. डोंगरापलीकडच्या गावाला जायचं असेल तर घाट चढावा लागतो. पलीकडचं गाव खाली आहे, एकदा माथ्यावर पोचलं की उतारच उतार. पण माथ्यापर्यंत जायला जी ताकद लागते ती सगळ्यांकडे नसते, म्हणून बहुतेक जण अलीकडेच बसून राहतात. उत्प्रेरक म्हणजे कमी चढाची दुसरी वाट. निघायचं गाव तेच, पोचायचं गाव तेच, फक्त मधला चढ कमी. म्हणून एरवी महिने लागतील ते काम क्षणात होतं. मी त्यांना सांगितलं की तुम्ही कपाशीला टाकता तो युरिया ज्या अमोनियापासून होतो, तो अमोनिया लोखंडाच्या उत्प्रेरकाशिवाय कारखान्यात परवडेल असा बनत नाही. तेलाचं वनस्पती तूप होतं ते निकेलमुळे. तुमच्या पोटात भाकरी पचते तीसुद्धा शरीरातल्या उत्प्रेरकांमुळे. ते नसते तर सकाळी खाल्लेली भाकरी तुम्ही म्हातारे होईपर्यंत पोटात तशीच राहिली असती. वर्ग हसला.

"म्हंजे विरजण," कुणी तरी म्हणालं.

"नाही, विरजण स्वतः वाढत जातं. उत्प्रेरक होता तेवढाच राहतो. शेवटी गाळून घेतला तर जेवढा टाकला तेवढाच परत मिळतो."

त्यावर ती उठून उभी राहिली. "सर, मंग थे काईच करत नाई का? नुसतं उभं राह्यते?"

"हो. नुसतं उभं राहतं."

"नुसतं उभं राह्यल्यानं काम कसं होईन सर?"

मी तिला बसवलं. तास संपत आला होता. खरं तर तिचा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर चूक. उत्प्रेरक नुसता उभा राहत नाही. तो समोरच्या पदार्थाला धरतो, त्याच्याशी जोडला जातो, मधल्या काळात स्वतःही बदलतो, आणि काम झालं की सोडून पुन्हा मूळ रूपात येतो. शेवटी पाहणाऱ्याला वाटतं याचा काही संबंधच नव्हता. हे मी तिला सांगितलं असतं तर दोन वाक्यांत झालं असतं. असो. हा त्यातला सर्वांत लहान गुन्हा आहे.

पुढच्या आठवड्यात ऑक्सिजन तयार करण्याचा प्रयोग होता. पोटॅशियम क्लोरेट आणि मँगनीज डायऑक्साइड एकत्र करून परीक्षानळीत तापवायचं, वायू पाण्यावर गोळा करायचा. इथंही मँगनीज डायऑक्साइड उत्प्रेरकच. आणि इथं ती तिसरी गोष्ट येते. सेलच्या भुकटीत निव्वळ मँगनीज डायऑक्साइड नसतो. वीज वाहावी म्हणून त्यात कोळशाची पूड मिसळलेली असते, शिवाय नवसागर असतो. पेरॉक्साइडच्या प्रयोगात त्यानं काही बिघडत नाही. पण पोटॅशियम क्लोरेटबरोबर कोळसा तापवणं म्हणजे जवळजवळ फटाक्याची दारू तापवणं. कोळसा उत्प्रेरक नसतो. तो जळतो.

म्हणून ही भुकटी वापरायचीच झाली तर आधी पुष्कळ पाण्यानं धुवायची आणि मग लोखंडी पत्र्यावर कोळसा जळून जाईपर्यंत भाजायची, आणि तरी आधी कणभर घेऊन स्वतः तपासायची, हे मला एका जुन्या शिक्षकानं शिकवलं होतं. आधीच्या वर्षांत मी तसं केलं होतं. त्या वर्षी केलं नाही. कारण विचाराल तर कंटाळा. भाजताना धूर होतो, घसा धरतो, स्टोव्हपाशी तासभर उभं राहावं लागतं. मागच्या आठवड्यात भुकटी झकास चालली होती. त्या मुलीला मी पुन्हा सेल फोडायला लावले, तिनं खलबत्त्यात बारीक करून दिली, आणि मी ती रिकाम्या बाटलीत भरली. बाटलीवर मँगनीज डायऑक्साइडचं छापील लेबल होतं. भरताना मला कोळशाची आठवण झाली होती. हे मी आज लिहितो आहे. आठवण झाली होती, आणि मी झाकण लावलं.

प्रयोग करायला मी तिलाच पुढे बोलावलं, तिचा हात स्थिर होता म्हणून. मिश्रण मी केलं. नळी मी भरली. तिनं चिमट्यात नळी धरली, खाली स्पिरिटचा दिवा. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो, तोंड तिच्याकडे. नळीच्या तळाशी बारीक ठिणग्या उडताना मला दिसल्या. नुसता वायू निघताना ठिणग्या उडत नाहीत. "मागे हो" एवढे दोन शब्द म्हणायला मला वेळ होता. मी पाहत राहिलो. कदाचित माझ्या मनाला ते खरं वाटलं नाही. मग आवाज झाला.

जीपमधून तिला बुलढाण्याला नेलं. मी मागच्या सीटवर तिच्याशेजारी होतो. डाव्या डोळ्यावर कुणाचा तरी रुमाल बांधलेला, हाताला काचा लागलेल्या. दवाखान्यात डोळ्याचे डॉक्टर येईपर्यंत कंपाउंडरनं तिच्या हातावरच्या जखमा धुतल्या. त्यानं हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं आणि जखमेवर पांढरा फेस उसळला. ती कण्हत होती. उघड्या डोळ्यानं तिनं तो फेस पाहिला आणि मला विचारलं, "सर, रक्तात बी हाय का थे?"

होय. रक्तात एक उत्प्रेरक असतो, पेरॉक्साइडचं विघटन करणारा, काळ्या भुकटीपेक्षा कितीतरी तेज. आठवडाभरापूर्वी शिकलेलं ते पोर दुखण्यात पडून स्वतःच्या जखमेवर पडताळून पाहत होतं. मी तिला गप्प राहायला सांगितलं.

डोळा वाचला नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही तिघे बसलो होतो, ते, मी आणि तिचे वडील. वडिलांच्या चपलांना शेतातला चिखल तसाच होता. ते शेतातून दवाखान्यात आणि दवाखान्यातून शाळेत आले होते. मुख्याध्यापकांनी विचारलं, "नेमकं झालं काय?"

मी म्हणालो, "मी फळ्यावर आकृती काढत होतो. माझी पाठ होती तिच्याकडे."

हे एकच वाक्य. तिनं काही केलं असं मी म्हणालो नाही, कधीच म्हणालो नाही. त्याची गरजच पडली नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "पोरं असतात हो. उत्साहात टाकलं असेल काहीतरी जास्तीचं." त्यांनाही यापेक्षा जास्त जाणून घ्यायचं नव्हतं.

वडील मान हलवत राहिले. "तिले सेल फोडाचा नादच हाय सर. घरी बी तेच. माय ओरडते, तरी आयकत नाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमाले तं नाई ना लागलं कुठं?"

"नाही," मी म्हणालो.

ते गेल्यावर मी प्रयोगशाळेत गेलो, लेबल लावलेली बाटली काढली आणि त्यातली उरलेली भुकटी फळ्याच्या डब्यात ओतली. बाटली धुऊन पुन्हा कपाटात ठेवली. दिवाळीनंतर मुलांनी ती भुकटी फळ्याला फासली आणि मी त्या फळ्यावर शिकवत राहिलो. वर्गातल्या मुलांनी मला पाहिलं होतं, मी कुठे तोंड करून उभा होतो ते त्यांना माहीत होतं. एकानंही तोंड उघडलं नाही. सरांच्या विरुद्ध बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. हळूहळू गावात गोष्ट पक्की झाली की भाजीवाल्याच्या पोरीनं सरांची नजर चुकवून सेलची भुकटी नळीत टाकली.

ती पुन्हा शाळेत आली नाही. मी तिच्या घरी एकदाही गेलो नाही. बाजारात तिचे वडील दिसले की नमस्कार करायचे, एखादी जुडी पिशवीत जास्तीची टाकायचे. मी घ्यायचो. पुढे त्यांच्याकडूनच कळलं की लग्न झालं, लोणारच्या बाजूला बीबी गावात दिली, जावयाचं किराणा दुकान आहे. "एका डोळ्याच्या पोरीले याच्याहून चांगलं घर कुठून भेटते सर," ते म्हणाले. समाधानानं म्हणाले.

मी स्वतःची समजूत कशी घातली तेही सांगायला हवं. इतकी वर्षं मुलांना उत्प्रेरक शिकवताना मी म्हणत आलो की जी क्रिया मुळात घडणारच नाही ती उत्प्रेरक घडवू शकत नाही, घडणार असते तीच तो लवकर घडवतो. हे मी स्वतःला लावलं. मनाशी म्हणायचो, मी तिचं काही वेगळं केलं नाही. भाजीवाल्याची पोर, दहावीनंतर तशीही शाळा सुटलीच असती, लग्न झालंच असतं. मी फक्त होणारं लवकर होऊ दिलं. आणि काम झाल्यावर उत्प्रेरक जसा होता तसा राहतो. मीही राहिलो. बढती मिळाली, मग पर्यवेक्षक झालो, सत्काराला शाल मिळाली, पेन्शन सुरू झाली.

आज हे लिहिताना शरम वाटते, कारण यातली लबाडी हा विषय शिकवणाऱ्या मला तरी कळायलाच हवी होती. पेरॉक्साइडची बाटली फळीवर ठेवली तर तिचं पाणी होणारच आहे, पण तोवर त्या बाटलीनं कुणाच्या तरी जखमा धुतल्या असत्या. घडणारच होतं असं म्हणून सुटता येत नाही. ते कधी घडतं आणि तोवर मध्ये काय होऊन जातं, याचंच नाव आयुष्य. आणि पोटॅशियम क्लोरेटच्या नळीत जे झालं त्यात तर उत्प्रेरकाचा दोषच नव्हता. दोष कोळशाचा होता, आणि तो कोळसा नळीत मी घातला होता.

बायको गेल्यानंतर मी मुलाकडे बुलढाण्याला राहायला आलो. घरात दिवसभर एकटा. तेव्हा हे सगळं अंगावर येऊ लागलं. एके दिवशी सकाळी मुलाला सांगितलं, एका जुन्या विद्यार्थिनीकडे जाऊन येतो. चिखली, मेहकर करत बीबीला पोचलो. बसमध्ये वाक्यं पाठ करत होतो. किराणा दुकान शोधायला वेळ लागला नाही. दुकानामागेच घर होतं.

ती दारात आली. केस पांढरे होऊ लागलेले. मी नाव सांगण्याआधीच, तिनं "कोण पाहिजे" विचारण्याआधीच, मी खोकलो आणि तिनं ओळखलं.

"सर? अगं माय! सर, तुमी हो? या ना, या. बसा." मग आत तोंड करून, "अवं, पाणी आण. माह्ये सर आले. उत्प्रेरकवाले!"

तिची मुलगी पाणी घेऊन आली. तिचा दहावीचा निकाल नुकताच लागलेला. मला नीट न्याहाळत म्हणाली, "खरंच आहेत का हे? मला वाटायचं आई बनवून सांगते."

"बनवून कायले सांगू? चुलीबिगर दूध उतू घातलं होतं सरायनं."

दोघी हसल्या. मीही हसल्यासारखं केलं. मला वाटलं, चहा येऊ दे, मग बोलू. चहा आला. तिनंच विषय काढला.

"बरं झालं सर आले. हिले समजावा. हिले सायन्स पायजे. म्या नाई म्हणलं."

"का?" मी विचारलं.

"काऊन म्हंजे? माह्यी गत पाह्यली ना तुमी. आमच्या हाताले थे काम नाई सर. घरातच नाई थे. एक डोळा गेला, पुरे झालं."

"सर, तुम्हीच सांगा ना आईला," मुलगी म्हणाली. "एकाच्या हातून चूक झाली म्हणून सगळ्यांच्या हातून होते का? तिचं तर ते चुकून झालं होतं ना?"

ती माझ्याकडे पाहत होती. आईसुद्धा, मान थोडी वळवून, उजव्या डोळ्यानं. आणि मग आई हळू आवाजात म्हणाली, "म्या लई विचार केला सर त्याच्यावर. हिच्या पुस्तकात वाचलं, सेलची कांडी कोळशाची राह्यते. मंग मले समजलं. माह्यानं एखांदी कांडी फुटली असंन, भुकटीत मिसळली असंन. दुसरा कोळसा कुठून येईन त्याच्यात? तुमी मले इश्वासानं सांगतलं होतं भुकटी कराले. माह्यामुळं तुमच्यावर आफत आली. माफ करा सर मले. म्हणाचंच राह्यलं होतं इतके वर्ष."

शाळा सुटलेली बाई मुलीचं पुस्तक वाचून कोळशापर्यंत पोचली होती. एकच पायरी उरली होती. कांडीचा कोळसा वेगळा, भुकटीतला वेगळा. कांडी कितीही अखंड काढली तरी भुकटीत कोळसा असतोच, कारखान्यातूनच मिसळलेला असतो. इयत्ता दहावीच्या मुलाला समजेल असं वाक्य. ते मी बोललो असतो तर तिची त्याच क्षणी सुटका झाली असती, आणि तिच्या मुलीचीही.

"आर्ट्सलाही हल्ली चांगला वाव आहे," मी म्हणालो.

मुलीनं कपबशा उचलल्या आणि आत गेली.

"पाह्य, सर बी तेच म्हणतेत," आई तिच्या मागे बोलली. मग मला म्हणाली, "तुमी लई चांगले सर. मले एका शब्दानं रागावले नाई. बाबा अजून म्हणतेत, दुसरा असता तं कानफाडात देल्ली असती." निघताना तिनं घरची तूरडाळ पिशवीत बांधून दिली. मी घेतली. महिनाभर आमच्या घरी ती शिजली, सून म्हणायची डाळ छान आहे.

तिचा फोन नंबर मी घेऊन आलो होतो. नंतर कितीदा लावला. ती उचलायची, "बोला सर." मी पावसाचं विचारायचो. दुकानाचं विचारायचो. "काई काम होतं का सर?" "नाही, सहज." फोन ठेवला की मी खोलीत येरझाऱ्या घालायचो आणि मोठ्यानं ते वाक्य म्हणायचो, भिंतीला. भिंतीला बोलताना एकदाही अडखळलो नाही. सुनेनं मुलाला सांगितलं, बाबा एकटेच बोलतात. मग औषधं वाढली.

पुढे तो फोन लागेनासा झाला. त्यातच माझं ऑपरेशन निघालं, मग विश्रांती. उठता येऊ लागल्यावर मी मुलाला न सांगता बस पकडली. या वेळी काहीही झालं तरी उंबऱ्यात उभं राहूनच बोलायचं, आत जायचं नाही, चहा घ्यायचा नाही, असं ठरवलं होतं. दार मुलीनं उघडलं. तिच्या मागे भिंतीवर आईचा फोटो होता, हार घातलेला. पावसाळ्यात ताप आला, अंगावर काढला, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला, असं ती म्हणाली. तुम्हाला कळवायचं होतं, पण नंबर आईच्या बंद पडलेल्या फोनातच होता, असंही म्हणाली, जणू मला कळवायला हवं होतं.

मी तिथंच, उंबऱ्यात, सगळं सांगितलं. भुकटीतला कोळसा. भाजायचा कंटाळा. बाटली भरताना झालेली आठवण. ठिणग्या. फळ्याकडे पाठ नव्हती, तोंड तिच्याकडे होतं, हे. इतकं सरळ मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. मुलगी चौकटीला धरून ऐकत होती. मध्येच एकदा तिनं विचारलं, "म्हणजे कांडी फुटली नव्हती?"

"फुटली असती तरी फरक पडला नसता. तिचं काम चोख होतं."

तिनं चौकट सोडली. मग म्हणाली, "तुम्ही इथं बसून चहा पीत होता. ती तुमची माफी मागत होती. तेव्हा का नाही सांगितलं?"

मी तिच्यामागच्या फोटोकडे पाहिलं.

"मी आर्ट्सला आहे," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं म्हणून. आईनं सगळ्यांना सांगितलं होतं, सरांनी स्वतः येऊन सांगितलं." तिचा आवाज चढला नाही. "सर, तुम्ही आता घरी जा."

मी तिला म्हणालो की अजूनही बदलता येईल, मी कॉलेजात येतो, बोलतो, शिकवणीही घेतो. तिनं दार लोटून घेतलं. तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

हे छापून आलं तर धामणगावात अजून काही जण असतील ज्यांना ती गोष्ट माझ्या सोयीची तेवढीच ठाऊक आहे. तिचे वडील आहेत, थकले आहेत, पण आहेत. त्यांना कुणीतरी हे वाचून दाखवावं. मी स्वतः जाईन असं लिहिणार होतो, पण माझ्यासारख्या माणसाच्या शब्दावर आता मीच विश्वास ठेवत नाही.

तुला मात्र सांगायचंच आहे, कितीही उशीर झाला असला तरी. बसमध्ये, भिंतीपुढे, फोन कानाला लावून जे मी तयार केलं आणि तुझ्यासमोर बसून गिळलं, ते हे: पोरी, तुझ्या हातून काहीच चुकलं नव्हतं. भुकटी वाईट होती हे मला माहीत होतं. मी तुझ्याकडे पाहत होतो, आणि पाहत नव्हतो असं तुझ्या बापाला सांगितलं. माफी तू मागायची नव्हतीस, मी मागायची होती. मला माफ कर.